सात म्हणजे पूर्णपणे मान्य

ओवेन ड्युगन तळघराच्या पायऱ्या उतरून आला तेव्हा त्याच्या हातात डोनटचं खोकं होतं. आमच्या बैठकीत डोनट आणले की समजायचं, कुणाच्या तरी नशामुक्तीला वर्ष झालं. ओवेनचं वर्ष उन्हाळ्यातच होऊन गेलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी आधी डोनट उचलले आणि मग कारण विचारलं.

"पेपर देऊन आलो," ओवेन म्हणाला. "उपचार केंद्रात. कोर्टाला पाठवणार आहेत. प्रत्येक वाक्याला सात दिले."

"कितीपैकी?" डोलोरेसने विचारलं.

"सातपैकी."

टाळ्या पडल्या. हँक नावाचा आमचा एक अवाढव्य सभासद आहे, तो कुणाचंही कौतुक करत नाही. त्याने ओवेनच्या पाठीवर अशी थाप मारली की डोनटवरची साखर उडाली. "शाळेत कधी पहिला आला होतास का रे?"

"शाळेत गेलोच कुठे होतो," ओवेन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. छपरं घालणाऱ्या माणसाचा चेहरा असा उजळत नाही सहसा, डांबर आणि ऊन दोन्ही आत मुरलेलं असतं. "सोपाच होता पेपर. सगळा आपला पहिला नियमच विचारला होता, फिरवून फिरवून."

तेव्हा मलाही ते खरंच वाटलं. मी आयुष्यभर फिलाडेल्फियातल्या एका वर्तमानपत्रात महापौरांची टिंगल करून पोट भरलं. सरकारी कागदावर विश्वास ठेवू नये, हे मी कित्येक पिढ्यांच्या वाचकांना शिकवलं. पण त्या संध्याकाळी मी दोन डोनट खाल्ले.

आमच्या तळघराबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. वर चर्च आहे, खाली आम्ही. शहराच्या केन्सिंग्टन वस्तीतले जे लोक नशेतून जिवंत बाहेर आले, ते संध्याकाळी इथे घडीच्या खुर्च्या मांडून बसतात. भिंतीवर नियम लावलेले आहेत. पहिल्याचा मतलब एवढाच, की या वस्तूपुढे आपलं काही चालत नाही, हे आधी कबूल करा. बाकीचं नंतर. प्रत्येक जण उभा राहून हेच सांगतो. आणि एखादा नवा माणूस "माझं चालतं, मी ठरवलं की सोडू शकतो," असं म्हणाला, की आम्ही त्याच्याकडे, नवरदेव पळून जाणार हे आधीच कळलेले पाहुणे मांडवात बसून बघतात ना, तसे बघतो. मग कॉफी पुढे करतो.

ती कॉफी मी करतो. मी बर्नी. शिवाय मी ओवेनचा स्पॉन्सर होतो, म्हणजे जुन्या माणसाने नव्या माणसाचा फोन उचलायचा, कितीही वाजता. या पदाला पगार नाही, अधिकार नाही, आणि माझ्याकडे बघितलं तर अक्कलही लागत नसावी.

ओवेनची गोष्ट आमच्याकडे नवी नव्हती. छपरावरून पडला, पाठ गेली, डॉक्टरने गोळ्या दिल्या. डॉक्टरने गोळ्या बंद केल्या तेव्हा रस्त्यावर पूड मिळत होती. त्याची बायको नोरीन त्याच्याबरोबर घसरत गेली. एका सकाळी ती न्हाणीघरात मेलेली सापडली. स्वयंपाकघरात त्यांची मुलगी टेसा दुधात भिजलेलं सीरियल खात बसली होती, आणि ओवेन शेजारच्या खोलीत, असून नसल्यासारखा. त्याच दिवशी सरकारने पोर उचलून नेली आणि ओल्टमन नावाच्या जोडप्याकडे सांभाळायला दिली. त्यानंतर ओवेन आमच्या पायऱ्या उतरला. सुरुवातीला एकदा घसरला, परत आला. मग नाही घसरला. दर शनिवारी त्याला टेसाला भेटता येई, एका सरकारी कचेरीतल्या खोलीत, एक बाई कोपऱ्यात बसलेली असताना. ही पोर परत आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. आम्ही त्याला फुटबॉलच्या संघाबद्दल विचारायचो, तेव्हाही तो टेसाच्या हलत्या दाताबद्दल सांगायचा.

डोनट खाल्ल्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बर्नी, केंद्रातली बाई बोलावतेय. स्पॉन्सरलाही आण म्हणाली. बक्षीसबिक्षीस असतं का रे यात?"

बाईचं नाव हॉलिस. वयाने माझ्या नातीएवढी, आणि तिच्या टेबलावर माझ्या नातीच्या टेबलावर असते तशीच वाळलेल्या रोपाची कुंडी. तिने आम्हाला बसवलं, दार लावलं आणि कागद पुढे ठेवला.

"मिस्टर ड्युगन, तुमची लघवीची तपासणी प्रत्येक वेळी स्वच्छ आली आहे. कामावर तुम्ही वेळेवर जाता. तुमचा मालक तुमच्याबद्दल चांगलं बोलतो. सगळं उत्तम आहे. आणि मग हे."

"हे काय?"

"या केंद्रात आजवर एवढे गुण कुणाला पडले नाहीत."

ओवेनने माझ्याकडे बघितलं. पहिला आलेल्या मुलाने आईकडे बघावं तसं.

"जास्त गुण वाईट असतात," मिस हॉलिस म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं, आणि तिच्याबद्दल मला चांगलंच बोलायचं आहे. तिने हळू, नीट समजावलं. तो पेपर परीक्षा नव्हता. माणसाच्या मनात तलफेबद्दल काय समजुती बसल्यात, ते मोजायची ती पट्टी होती. 'तलफ आली की माझ्या हातात काही उरत नाही.' 'तलफ माझ्या निश्चयापेक्षा ताकदवान आहे.' 'तलफ सुरू झाली की घेतल्याशिवाय थांबत नाही.' अशी वाक्यं. एक म्हणजे अजिबात मान्य नाही, सात म्हणजे पूर्णपणे मान्य. जो अशा वाक्यांना मान डोलावतो, तो तलफ आल्यावर आधीच हरलेला असतो, असं या पट्टीमागच्या लोकांचं म्हणणं. तलफ ही लाटेसारखी असते, येते आणि जाते. पण ज्याला वाटतं की आपण बुडणारच, तो पोहतच नाही.

"परवाच एका माणसाला पुलाखालून उचलून आणलं," ती म्हणाली. "शुद्धीवर आल्यावर त्याने हाच पेपर सोडवला. त्याला तुमच्यापेक्षा कमी आले."

"त्याला काय कळतंय," ओवेन म्हणाला. "त्याला वाटत असेल, त्याचं चालतं."

"हो. तसंच लिहिलंय त्याने."

"मग त्याच्यापेक्षा मी आजारी?"

मिस हॉलिसने समोरचा कागद उगाच सरळ केला. ती हुशार होती. हुशार माणसाचा कोंडमारा मी आयुष्यभर दुरून बघून त्यावर लिहिलं. इतक्या जवळून बघताना मजा येत नाही.

मी म्हणालो, "बाई, हा माणूस ज्या खोलीत रोज संध्याकाळी बसतो, तिथे हे वाक्य भिंतीवर आहे. आम्ही त्याच्याकडून ते पाठ करून घेतलं. तुम्ही त्याला पाठांतराबद्दल नापास केलंत."

"मला ठाऊक आहे ते. म्हणूनच तुम्हालाही बोलावलं." तिने कागदावर हात ठेवला. "कोर्टात हे सगळं सांगायला वेळ नसतो. तिथे एक आकडा जातो. सुनावणीआधी मी तुमच्याकडून आणखी एकदा हा पेपर घेऊ शकते. तेवढं माझ्या हातात आहे. नीट वाचा, मिस्टर ड्युगन. तुमच्या बैठकीत काय म्हणतात ते नाही विचारलेलं. तुमच्यापुरतं काय खरं आहे, तेवढंच."

त्या संध्याकाळी तळघरात भांडण झालं. आमच्याकडे एकाने बोलावं आणि बाकीच्यांनी मधे तोंड घालू नये असा दंडक आहे. तो त्या दिवशी कॉफीच्या किटलीबरोबर बाजूला ठेवला गेला.

"एक-एक दे आणि लेकरू घरी आण," डोलोरेस म्हणाली. तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे तिचं साधं बोलणंही मागच्या बाकापर्यंत जातं. "कागदच तर आहे. मी कागदावर घटस्फोटाच्या वेळी काय काय मान्य केलंय, तुला सांगितलं तर तू बेशुद्ध पडशील."

"खोटं बोलायचं?" ओवेन म्हणाला.

"अरे, सरकारशी. सरकारशी बोललेलं खोटं नसतं, तो पत्रव्यवहार असतो."

हँकने खुर्ची पुढे ओढली. "मी एकदा 'माझं चालतं' असं म्हणालो होतो. म्हटलं, लग्न आहे भावाचं, एक बिअर. दुसऱ्या दिवशी जागा झालो तर न्यू जर्सीत होतो, आणि बूट दुसऱ्याचे होते."

"कुणाचे?" डोलोरेसने विचारलं.

"अजून कळलेलं नाही. चांगले होते." हँक ओवेनकडे वळला. "ते वाक्य लिहू नकोस. मस्करीतही नको."

"तुला पोर नाही," डोलोरेस त्याला म्हणाली.

"नाही. बूटही नाहीत."

मी मधे बोललो नाही. स्पॉन्सरने सल्ला द्यायचा नसतो, ऐकून घ्यायचं असतं. ही पळवाट आहे, पण ती आमच्या नियमांतच आहे. नंतर खुर्च्यांच्या घड्या करताना ओवेन माझ्याशेजारी आला.

"नोरीन हेच म्हणाली होती," तो म्हणाला.

"काय?"

"उपचार घेऊन घरी आली ना, तेव्हा. छान दिसत होती. केस कापून घेतले होते. मी म्हटलं, बैठकीला जाऊया. ती म्हणाली, गरज नाही, आता माझं चालतं. टेसाला कडेवर घेऊन म्हणाली, आमच्या घराच्या दारातच." तो थांबला. बाहेरच्या उंच रुळांवरून आगगाडी गेली की आमच्या खोलीत बोलता येत नाही. ती जाईपर्यंत तो खुर्ची धरून उभा राहिला. "मी खोटं लिहिलं तर पोरगी घरी येईल, बर्नी. आणि ते खोटंही तिच्याबरोबर घरी येईल. मग मी कुणाकुणाला सांभाळू?"

"कदाचित येणार नाही. डोलोरेस म्हणते तसं, कागदच आहे."

"तुला तसं वाटतं?"

मला काय वाटतं ते मला आजही नक्की ठाऊक नाही. तेव्हा मी म्हणालो, "मला वाटतं, ती बाई तुझ्या बाजूची आहे."

दुसऱ्या पेपरला मी बरोबर गेलो. बाहेर बसायला सांगतील असं वाटलं होतं, पण मिस हॉलिसने मला खिडकीजवळची खुर्ची दिली. ओवेनला पेन्सिल दिली. पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला कोरं करकरीत रबर होतं. आधीच्या वेळी पेन होतं, हे ओवेननेच मला नंतर सांगितलं.

त्याने ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. या वेळी तो प्रत्येक वाक्याशी वाद घालत होता.

"'नशेशिवाय आयुष्यात गंमत नाही.' मागच्या वेळी याला मी सात दिले?"

"हो," मिस हॉलिस म्हणाली.

"मला वाटलं, एका रांगेत सगळे सातच असतात. एक. टेसाने परवा मला वाघाचं चित्र काढून दिलं, त्याला सहा पाय होते. एक." त्याने पुढचं वाचलं. "'तलफ सुरू झाली की ती वाढतच जाते.' नाही. वाढते, मग कंटाळते. मी छपरावर असताना येते, डांबराची शेवटची बादली ओतेपर्यंत जाते. दोन."

मिस हॉलिसच्या चेहऱ्यावर आशा दिसू लागली. ती लपवण्यासाठी तिने कुंडीला पाणी घातलं. त्या कुंडीला पाण्याचा उपयोग व्हायची वेळ केव्हाच गेली होती.

मग ओवेन थांबला. कुठलं वाक्य असणार, ते मला न बघता कळलं.

"हे बघा," तो म्हणाला. "'तलफ आली की माझ्या हातात काही उरत नाही.' हे कसं विचारलंय? मी एकटा असताना, की बर्नीला फोन केल्यावर?"

"तसं काही दिलेलं नाही," मिस हॉलिस म्हणाली.

"मी एकटा असेन तर सात. फोन केला तर... फोन उचलला तर एक. नाही उचलला तर मी चालत तळघरापर्यंत जातो. मग तीन. याच्यात कुठे लिहू?"

"समासात लिहिता येत नाही. एकच आकडा हवा." तिचा आवाज खाली आला. "मिस्टर ड्युगन, तुम्ही फोन करता. ते तुमच्याच हातांनी करता. मग हातात काहीतरी उरतं ना?"

चांगला मुद्दा होता. मी वर्तमानपत्रात असतो तर तिच्या बाजूने लिहिलं असतं. ओवेननेही त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. तो आपल्या हातांकडे बघत होता.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," तो अखेर म्हणाला. "पण मी फोन का करतो? माझ्या हातात काही नाही हे मला ठाऊक असतं म्हणून करतो. ज्या दिवशी वाटेल की आहे, त्या दिवशी कशाला करीन?"

मिस हॉलिस उठली आणि माझ्या खिडकीपाशी येऊन बाहेर बघत उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक माणूस गाडीचा टायर बदलत होता. आम्ही दोघं ते फार लक्ष देऊन बघत होतो. पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला. मग रबर फिरल्याचा. मग पुन्हा पेन्सिल.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"दोन लिहिले होते. दिसायला फार बरे दिसत होते." तो चालत राहिला. "मग मला वाटलं, टेसा माझ्या कडेवर आहे, नोरीनच्या होती तशी."

तसल्या आणखी दोन वाक्यांनाही त्याने सातच दिले होते. बाकी सगळीकडे गुण खाली आले, पण केंद्राने आखलेल्या रेषेच्या खाली नाही. मिस हॉलिसने कोर्टासाठी एक लांब टिपण जोडलं. मला तिने ते वाचून दाखवलं, आणि मी त्यातला एकही शब्द बदलायला सुचवला नाही, जे माझ्या बाबतीत याआधी कधी झालेलं नव्हतं.

कोर्टाने ओवेनला एक वकील दिला होता. चांगला माणूस, पण त्या सकाळी त्याच्याकडे इतकी प्रकरणं होती की त्याने ओवेनला एकदा मिसेस रोमेरो म्हटलं. समोर सरकारी वकील. मागच्या बाकावर ओल्टमन पतिपत्नी, एकमेकांचे हात धरून, चर्चमध्ये बसतात तसे ताठ. मी त्यांना नावं ठेवायचं ठरवून आलो होतो. जमलं नाही.

जज्जबाईंनी टिपण वाचलं होतं. सगळं. तेही मला नोंदवलंच पाहिजे, कारण न वाचणारे जज्ज मला जास्त सोयीचे पडले असते.

"मिस्टर ड्युगन, तुमची मेहनत या कागदांत दिसते. पण या वेळच्या गुणांवरसुद्धा केंद्राची शिफारस 'अजून नाही' अशीच आहे. आणि तुमच्या मुलीला घराबाहेर राहून कायद्याने दिलेली मुदत उलटून गेली. 'अजून नाही' म्हणायला माझ्याकडे आता जागा उरलेली नाही. मी आज हो म्हणू शकते, किंवा नाही. नाही म्हटलं तर ती कायमची दत्तक जाईल. म्हणून मी तुम्हालाच विचारते. समजा, टेसा तुमच्या घरी आहे. रात्र आहे. तुम्हाला तलफ आली. तुमच्या हातात राहील का?"

ओवेन उभा राहिला. वकिलाने खालून त्याचा कोट ओढला आणि ओठांनी 'हो' असं दाखवलं. डोलोरेस माझ्या मागे बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"मी फोन करीन, मॅडम," ओवेन म्हणाला.

"आणि कुणी उचलला नाही तर?"

"दुसऱ्याला करीन. माझ्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत. शेजारची मिसेस कीन म्हणालीय, तिचं दार रात्री वाजवलं तरी चालेल. टेसाला तिच्याकडे ठेवून मी तळघरात जाईन."

"ते झालं. मी तुमच्याबद्दल विचारते आहे. तुम्ही स्वतः, एकटे. तुमच्या हातात राहील?"

त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी तिथे त्याला काय खूण करायला हवी होती, हे मला कुणीतरी सांगावं. मी मान हलवली नाही, ना उभी, ना आडवी. मी फक्त त्याच्याकडे बघत राहिलो.

"एकट्याच्या नाही राहणार," ओवेन म्हणाला. "म्हणूनच मी एकटा राहत नाही, मॅडम."

जज्जबाईंनी चष्मा काढला. त्यांनाही ते वाक्य आवडलं असावं, असं मला वाटतं. पण खाली बसलेली कोर्टाची बाई प्रत्येक शब्द टंकत होती, आणि तिला 'नाही राहणार' एवढं पुरेसं होतं. सरकारी वकिलाने तिला तेच वाचून दाखवायला सांगितलं. दोनदा. मग वकील एकमेकांशी बोलले, कागद इकडून तिकडे गेले, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी टेसा ड्युगन ओल्टमनांना दत्तक द्यायचं ठरलं.

बाहेरच्या ओसरीवर डोलोरेस ओवेनवर धावून गेली. "'हो' म्हणायला काय झालं होतं तुला? दोन अक्षरं पण नाहीत रे त्यात." आणि मग तिने त्याला धरलं आणि इतकी रडली की सुरक्षारक्षक तिलाच मुलीची आई समजून पाणी घेऊन आला. ती ते प्यायली.

मिस हॉलिस खांबाशी उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, "माझी पट्टी चुकीची नाही. मी खूप लोकांवर वापरून बघितलीय. ती बहुतेकांच्या बाबतीत बरोबर येते."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "आमचा नियमही बहुतेकांच्या बाबतीत बरोबर येतो."

मला वाटतं, आम्ही दोघं आणखी काहीतरी बोललो. पण महत्त्वाचं नसावं.

शेवटच्या भेटीला एक माणूस बरोबर आणायची परवानगी होती. ओवेनने मला नेलं. तीच खोली, तीच कोपऱ्यातली बाई, तिने त्या दिवशी मात्र विणकाम आणलं होतं आणि ती पूर्ण वेळ टाक्यांवरून नजर उचलणार नव्हती. ओवेनने टेसासाठी मोहरीचा सॉस लावलेला प्रेट्झेल, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव, आणला होता. टेसाने तो मधोमध तोडला, लहान तुकडा मला दिला.

"तुम्ही आजोबा आहात?" तिने विचारलं.

"नाही. मी कॉफी करतो."

"बाबाला?"

"सगळ्यांना. पण तुझा बाबा साखर जास्त घालतो."

तिने बापाकडे रागाने बघितलं. "दात किडतील तुझे." आणि तोंड उघडून तिने दाखवलं, पुढचा दात पडला होता. ओवेनने त्या फटीकडे, छपरात कुठून गळतंय ते शोधावं तसं, वाकून नीट बघितलं.

"दुखलं?"

"नाही. सफरचंदात राहिला. बाबा, तू पुढच्या शनिवारी येणार नाहीस ना? त्यांनी सांगितलं मला."

"नाही."

"तुला काम आहे?"

कोपऱ्यातल्या सुया थांबल्या.

"नाही, काम नाही," ओवेन म्हणाला. "मला यायचं आहे. येऊ देणार नाहीत."

तिने मान हलवली. मुलं कधी कधी इतकी समजूतदार वागतात की मोठ्यांनी ते बघू नये. मग तिने त्याच्या मांडीवर बसून शाळेतल्या मांजरीची एक लांबलचक गोष्ट सांगितली, तिला शेवट नव्हता, आणि ओवेनने ती घाई न करता ऐकली.

मिसेस ओल्टमन आत आल्या तेव्हा टेसाचा कोट त्यांच्या हातात होता. ओवेनने तो मागून घेतला आणि स्वतःच्या हातांनी टेसाला घातला. वरचं बटण त्याच्या जाड बोटांत सापडेना, तेव्हा टेसाने हनुवटी वर करून धरली.

"एक सांगायचं होतं," तो बाईंना म्हणाला. "ती अंड्याचं पांढरं खात नाही. आतलं पिवळं काढून द्यायचं. टोस्टवर."

"पण मी आता," टेसाने सुरुवात केली. बाईंचा हात तिच्या खांद्यावर आला, अगदी हलका.

"बरं झालं सांगितलंत," मिसेस ओल्टमन म्हणाल्या. "पिवळं. टोस्टवर."

"मीठ नाही."

"मीठ नाही."

टेसा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मग ती म्हणाली, "हो. मीठ नाही आवडत मला." आणि बापाच्या गळ्यात पडली.

गाडी गेल्यावर आम्ही स्टेशनाकडे चालत निघालो. मी आयुष्यभर कुठल्याही प्रसंगी एक वाक्य तयार ठेवत आलो; त्या दिवशी खिसे चाचपत होतो. दुकानं उघडी होती, फुटपाथवर एक पोरगा नशेत उभ्या उभ्या झोपल्यासारखा वाकला होता, गुडघ्यांपर्यंत वाकूनही पडत नव्हता. ओवेनने त्याच्याकडे बघितलं, थांबला, त्याच्या हातात आमच्या तळघराचा पत्ता कोंबला आणि पुढे चालू लागला.

"एक विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

"काय?"

"तिला झोपताना अजून दिवा लागतो का."

"त्या बाईंना ठाऊक असेल," मी म्हणालो.

"हो ना," ओवेन म्हणाला. "त्यांना ठाऊक असेल."